पारा शून्याच्या वर, दव मात्र गोठलेले

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी थंडीच्या दिवसांत कधी कधी पहाटेचे दव गोठते. नौकांच्या धक्क्यावर, गवतावर, उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारींच्या टपांवर आणि जवळपासच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर बर्फाचा पांढरा पापुद्रा धरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. बातमीच्या शेवटी महाबळेश्वरचे किमान तापमान दिलेले असते आणि ते शून्याच्या चांगलेच वर असते. पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते, असे तर आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. मग खोटे कोण बोलते, तापमापक की दव?

खोटे कोणीच बोलत नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याने हवेचेच तापमान दाखवावे, ऊन किंवा उघडे आकाश यांचा त्याच्यावर परिणाम होऊ नये, म्हणून ही व्यवस्था. गवताच्या पात्याला अशी पेटी कोठून मिळणार? ते थेट आकाशाखाली असते. वारा नसलेल्या निरभ्र रात्री उघड्यावरचे पान भोवतालच्या हवेपेक्षा तीन ते पाच अंशांनी अधिक थंड होऊ शकते. त्यातून वेण्णा तलावाचा परिसर गावापेक्षा सखल आहे, आणि थंड हवा पाण्यासारखी सखल भागाकडे वाहत जाते. पेटीतला पारा आणि पानावरचे दव हे वेगवेगळ्या जागांची साक्ष देतात, इतकेच.

हा प्रकार थंड हवेच्या ठिकाणांपुरता असता, तर तेथेच सोडून देता आला असता. पण पुणे-सोलापूर रस्त्यावर वरवंड आणि कुरकुंभ यांच्या दरम्यान असलेल्या पाटस गावाचा विचार करा. दौंड तालुक्याचा हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. हवा कोरडी, पाऊस बेताचा, मात्र कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर ऊस चांगला येतो. भीमा सहकारी साखर कारखाना पाटसलाच उभा राहिला आणि तालुक्यात गुऱ्हाळेही पुष्कळ आहेत. येथे लोकांना भीती उन्हाळ्याची. घर बांधताना, पीक निवडताना, पाण्याचा हिशेब करताना डोळ्यांपुढे असतो तो वैशाख. पौषातल्या चार रात्रींसाठी कोणी वेगळी तयारी करीत नाही.

आणि त्या चार रात्री कधी कधी फार कडक येतात. पाटसपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी उणे ०.६ अंश अशी नोंद झाली. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश तापमान होते, आणि त्याच आठवड्यात नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पारा २ अंशांच्या आसपास घुटमळत होता. हे सगळे आकडे हवेचे आहेत. पेटीत दोन-तीन अंश असताना शेजारच्या रानातील पानावर काय परिस्थिती असेल, याचा अंदाज आता तुम्हाला करता येईल.

ही उष्णता जाते कोठे? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णतेचे किरण बाहेर टाकीत असते. ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण होत. दहा अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३६५ वॅट इतक्या वेगाने ऊर्जा बाहेर टाकते. आकाशही काही उष्णता परत पाठवते. हवेतील पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मुख्यतः ढग हे काम करतात. ढगाळ रात्री ही देवघेव जवळजवळ बरोबरीची होते, म्हणून आभाळ आले की थंडी पळते. उलट उत्तरेकडून कोरडा वारा येऊन आकाश स्वच्छ झाले, की परत येणारी उष्णता घटते आणि दर चौरस मीटरला ७० ते १०० वॅटचा तोटा होऊ लागतो. आपण ८० वॅट धरू. बारा तासांच्या रात्रीत हा तोटा सुमारे ८३० किलोकॅलरी भरतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तोटा होतो तो जमिनीच्या पृष्ठभागाचा आणि पानांचा. त्यांना टेकलेली हवा थंड होते, जड होते आणि खालीच बसून राहते. त्यामुळे अशा रात्री एरवीच्या उलट स्थिती असते: जमिनीलगत थंड हवा आणि दहा-पंधरा मीटर वर काही अंशांनी उबदार हवा. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. हिवाळ्यात संध्याकाळी चुलींचा धूर थोडा वर जातो आणि मग जणू छताला टेकल्याप्रमाणे आडवा पसरतो. ते छत म्हणजेच उबदार हवेचा थर. ओढ्याकाठचे रान माळापेक्षा गार असते, हे शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. उतारावर आडवा उंच भराव असेल, तर त्याच्या वरच्या अंगाला थंड हवा तळ्यातल्या पाण्यासारखी साचते.

उघड्या आकाशाच्या या ताकदीचा उपयोग आपल्याच देशात फार पूर्वी करून घेतलेला आहे. बर्फ तयार करणारी यंत्रे निघण्यापूर्वी उत्तर भारतात, जेथे तळी-डबकी गोठत नाहीत अशा ठिकाणी, लोक बर्फ तयार करीत. सर रॉबर्ट बार्कर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडील ही रीत लिहून कळविली. उघड्या मैदानात तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणीत. तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा आठ इंच ते एक फूट जाड थर पसरीत. त्यावर मातीची बिनझिलईची पसरट भांडी ओळीने मांडून तिन्हीसांजेला त्यांत उकळून गार केलेले पाणी भरीत. पहाटे सूर्योदयापूर्वी त्यांत बर्फाचे पापुद्रे धरलेले असत. ते गोळा करून खोल खड्ड्यात ठेचून साठवीत आणि उन्हाळ्यात वापरीत. भांडी पसरट कशासाठी? आकाशाकडे मोठा पृष्ठभाग असावा आणि पाणी थोडे असावे म्हणून. आणि उसाची ताटे कशासाठी? जमिनीची ऊब वर येऊन पाण्याला लागू नये म्हणून. भांड्यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचीही काही मदत होत असली, तरी मुख्य काम प्रारणाचे, हे विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने १८१४ साली दवावरील आपल्या निबंधात दाखवून दिले.

आता या बर्फवाल्यांची रीत पाटसच्या शिवारात नेऊन पाहू. उसाचे पाचट न जाळता रानात पसरावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. ओल टिकते, तण कमी होते, जमिनीचा कस वाढतो, त्यामुळे सल्ला अगदी योग्य आहे. परंतु कडाक्याच्या रात्रीपुरते बोलायचे, तर पाचट हे दुधारी पांघरूण आहे. त्याखालची जमीन आणि मुळे उबदार राहतात. वरचे कोवळे पान मात्र अलाहाबादच्या भांड्यातील पाण्याप्रमाणे जमिनीच्या उबेपासून तोडले जाते आणि उघड्या जमिनीवरील पानापेक्षा अधिक गारठते. खोडव्याला याची फारशी फिकीर नाही, कारण त्याचे डोळे जमिनीत असतात आणि पान करपले तरी नवा फुटवा येतो. नाजूक रोपांच्या भोवती दाट आच्छादन केले असेल, तर मात्र अशा दोन-चार रात्री ते बाजूला ओढणे शहाणपणाचे.

थंडीने झाडाचे नेमके काय बिघडते, हे आता पाहू. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे गोठणे. पानातील पाणी गोठू लागते ते प्रथम पेशींच्या मधल्या पोकळ्यांत. तेथील बर्फ पेशींमधले पाणी ओढून घेतो, पेशी कोरड्या पडून आक्रसतात आणि त्यांची पटले फाटतात. ऊन चढल्यावर पान उकडल्यासारखे लुळे पडते व मग काळे होते. हवा फार कोरडी असेल, तर वर पांढरे दव दिसतही नाही आणि पान मात्र काळे पडते. शेतकरी बुचकळ्यात पडतो तो अशा वेळी.

दुसरी गोष्ट शून्याच्या पुष्कळ वर घडते. थंडीत बाटलीतले खोबरेल तेल थिजते, पण शेजारचे करडईचे तेल पातळच राहते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. पेशींच्या पटलांतही स्निग्ध पदार्थ असतात. उष्ण प्रदेशातील वनस्पतींची पटले बरीचशी खोबरेल तेलाच्या जातीची, आणि गहू-हरभऱ्याची करडईच्या तेलाच्या जातीची, असे समजा. दहा-बारा अंशांच्या खाली केळीची पटले ताठर होतात, त्यांतून पदार्थांची ये-जा नीट होत नाही, वाढ खुंटते आणि फळाची साल काळपट पडते. जळगावचे केळीवाले थंडीला घाबरतात ते यासाठी. निफाडच्या द्राक्षबागांत मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, काही ठिकाणी त्यांवर गुलाबी छटा येते आणि माल निर्यातीतून बाद होतो. पण त्याच थंडीत गव्हाला फुटवे चांगले येतात. उसाची वाढ मंदावते आणि तयार झालेली साखर वाढीवर खर्च न होता कांड्यांत साठत जाते. एकाच गावात एकाच पहाटे एक शेतकरी थंडीला दुवा देतो आणि त्याचा बांधकरी डोक्याला हात लावून बसतो.

अशा रात्री करता काय येते? सर्वांत चांगले औषध म्हणजे पाणी, आणि त्याचे गणित मोठे मजेदार आहे. खोल विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे पाणी हिवाळ्याच्या पहाटे कोमट लागते, कधी त्यातून वाफाही निघताना दिसतात. त्याचे तापमान वर्षभर साधारण २४-२५ अंश असते. बदलते ती बाहेरची हवा. रानाला पाच सेंटिमीटर पाणी दिले, तर दर चौरस मीटरला ५० लिटर पाणी पडते. ते २५ अंशांवरून १० अंशांवर येईपर्यंत ५० गुणिले १५, म्हणजे ७५० किलोकॅलरी उष्णता सोडते. मघाचा आकडा आठवा: रात्रभराचा तोटा ८३० किलोकॅलरी! सगळीच उष्णता पानांपर्यंत पोचत नाही, बरीच खाली जमिनीत मुरते, काही बाष्पीभवनात जाते. तरीही एवढी ऊब एका पाण्याने मिळते, ही साधी गोष्ट नव्हे. कालव्याचे पाणी उघड्यावरून येत असल्याने अधिक गार असते, त्याची ऊब कमी. मात्र ओल्या जमिनीचा फायदा दोन्हींत मिळतो. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते व हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. ओली माती दिवसाची उष्णता खोलवर घेते आणि रात्री ती वर आणून देते. म्हणून संध्याकाळपर्यंत वाट न पाहता आदल्या दिवशीच पाणी दिलेले अधिक बरे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली, की काळोखात, गारठ्यात, विंचूकाट्याच्या भीतीत दारे धरावी लागतात. त्याबद्दल शेतकरी कुरकुर करतो ती रास्तच आहे. निदान त्या पाण्याने पिकावर पांघरूण पडते, एवढे समाधान.

तुषार सिंचनाचा मार्ग याहून वेगळा आणि काहीसा धोक्याचा. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडते. पानावर सतत पाणी पडून गोठत राहिले, तर या सुप्त उष्णतेमुळे बर्फाच्या आत असूनही पानाचे तापमान शून्याच्या खाली जात नाही. परंतु एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० कॅलरी खर्च होतात. मध्येच वीज गेली आणि तुषार थांबले, की बाष्पीभवन सुरू होऊन पान आधीपेक्षाही गार होते. सुरू केले तर बर्फ वितळेपर्यंत थांबायचे नाही, हा नियम. ज्याला विजेची खात्री नाही त्याने या वाटेला न जावे.

निफाडकडे द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटवतात. पुष्कळांचा समज असा, की धुराचे ढग उष्णता अडवून धरतात. यात तथ्य थोडेच आहे. धुराचे कण बहुधा एका मायक्रॉनहून बारीक, आणि जमिनीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी दहा मायक्रॉनच्या आसपास. मोठी लाट पाण्यातल्या काडीला वळसा घालून जावी, तसे हे किरण धुरातून निघून जातात. उलट सकाळी तोच धूर सूर्यप्रकाश अडवतो. शेकोटीचा खरा उपयोग आचेचा, आणि त्या आचेने हवा ढवळली जाते त्याचा. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा बागेत ठिकठिकाणी पुष्कळ लहान शेकोट्या कराव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा त्या उबदार छतालाही भोक पाडून वर निघून जाते. लहान शेकोट्यांची ऊब छताखालीच फिरत राहते. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागांत उंच खांबांवर मोठे पंखे बसवून वरची उबदार हवा खाली आणतात. तत्त्व तेच. वेळही साधावी लागते: तापमान सर्वांत खाली येते ते मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास. संध्याकाळी सगळे सरपण जाळून टाकणाऱ्याच्या हाती नेमक्या वेळी राखच उरते.

रोपांवर झाकायला प्लॅस्टिकचा पातळ पारदर्शक कागद अनेकजण वापरतात. त्याने वारा अडतो, पण अवरक्त किरणांना तो बराचसा पारदर्शकच असतो. या कामी जुने गोणपाट त्याहून सरस.

माणसांचे काय? गळिताच्या हंगामात बीड, नगरकडून आलेले ऊसतोड कामगार कारखान्याच्या परिसरात आणि रानात कोप्या घालून राहतात. पाचटाची जुन्या पद्धतीची कोपी थंडीला बरी, कारण पाचटात हवा कोंडलेली असते. ताडपत्री किंवा प्लॅस्टिकची कोपी शिवायला सोपी, पण रात्री तिचे छत बाहेरच्या पानासारखेच गारठते आणि पहाटे आतून थेंब गळू लागतात. पत्र्याच्या घराची तीच तऱ्हा. दुष्काळी पट्ट्यातील धाब्याच्या घरांची जाड मातीची छपरे दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत आत सोडीत. ती बांधली होती उन्हाळ्यासाठी, पण थंडीतही कामास येत.

घर थंडीसाठी बांधलेले नसले म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील टेक्सास राज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर अनुभवले. तेथील हिवाळा एरवी सौम्य. १६ फेब्रुवारीला डॅलस येथे पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रांतील उपकरणे गोठली, ४० लाखांहून अधिक घरांची वीज गेली. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्के वाढते. त्यामुळे बाहेरच्या भिंतींतून आणि माळ्यांवरून नेलेले नळ फुटले. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. यांतील पुष्कळजण थंडीने शरीराची ऊब गेल्याने गेले. काहींचा बळी मात्र थंडीवरच्या उपायानेच घेतला. त्यांनी बंद घरात कोळसा पेटवला होता, किंवा जनित्र अथवा मोटारीचे इंजिन चालू ठेवले होते.

हा धोका पाटसला टेक्सासइतकाच खरा आहे. कोळशाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, माणूस झोपतो आणि उठत नाही. धूर नाही म्हणजे निखारे निर्धोक, ही समजूत घातक आहे. फुललेल्या निखाऱ्यांतूनच हा वायू निघतो. थंडीने दार-खिडक्या बंद केलेल्या खोलीत, मग ती पत्र्याची असो वा विटांची, झोपताना शेगडी ठेवू नये. ती बाहेर विझवावी आणि आत गोधडीवर गोधडी घ्यावी. गोधडी स्वतः ऊब देत नाही. तिच्या थरांतील कोंडलेली हवा अंगाची ऊब जाऊ देत नाही. अंग व कपडे कोरडे ठेवणेही तितकेच महत्त्वाचे, कारण ओला कपडा हे काम करू शकत नाही. भिजलेल्या माणसाला दहा अंशांची हवाही जीवघेणी ठरू शकते. रात्री दारे धरणाऱ्याच्या पिशवीत म्हणूनच कोरडे कपडे असावेत.

शाळेत करता येईल असा एक प्रयोग सांगतो. कुंडीखाली ठेवतात तशा मातीच्या तीन सारख्या ताटल्या घ्या. प्रत्येकीत एक सेंटिमीटर पाणी भरा. एक ताटली उघड्या जमिनीवर ठेवा, दुसरी शेजारीच वीतभर जाड पाचटावर आणि तिसरी दाट झाडाखाली. चौथी नोंद सव्वा मीटर उंचीवर सावलीत टांगलेल्या तापमापकाची. सूर्योदयाच्या थोडे आधी जाऊन प्रयोगशाळेतील तापमापकाने चारही तापमाने घ्या व महिनाभर वहीत लिहा. आकाश आणि वारा कसा होता तेही शेजारी टिपा. निरभ्र, निवांत पहाटे पाचटावरची ताटली बहुधा सर्वांत गार सापडेल आणि झाडाखालची सर्वांत उबदार. एखाद्या पहाटे तिन्ही ताटल्यांत अर्ध्या अंशाचाही फरक दिसणार नाही. तेव्हा मान वर करून पाहा. आभाळ आलेले असेल, नाहीतर रात्रभर वारा वाहिला असेल.